पाच आयडी, पाच माश्या : सोलापुरात फ्लाय बांधल्याच्या नोंदी

काम काय होतं ते आधी सांगतो. आम्ही पाच जण सोलापुरात फ्लाय फिशिंग करतो. पिसं आणि दोरा गळावर बांधून किड्यासारखी माशी, म्हणजे फ्लाय, करायची आणि जड लाइनच्या जोरावर ती पाण्यावर टाकायची, असा हा प्रकार. आमची ओळख आधी मोबाइलवरच्या आयडींनी झाली, खरी नावं नंतर कळली, आणि हाक अजूनही आयडीनंच मारतो. गड्ड्याच्या यात्रेत एका रात्री विषय निघाला, तुझा आयडी आला कुठून? चार वर्षांत हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. पाचही गोष्टी ऐकून झाल्या आणि तिथंच ठरलं : प्रत्येकाच्या आयडीची एक फ्लाय बांधायची, सामान होईल तितकं सोलापुरातलंच वापरायचं, आणि ज्याची फ्लाय त्यानंच ती पाण्यात घालायची. बांधायचं माझ्याकडे आलं, कारण घरात माग आहेत आणि दोऱ्याची सवय आहे. इथल्या सामानातून बांधू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय.

१८ जानेवारी, रविवार

आज फक्त आयडींच्या गोष्टी वहीत उतरवल्या. फ्लाय त्यातूनच निघणार आहेत.

माझा आयडी कांडी४०. लहानपणी शाळेतून आलो की दप्तर टाकून कांड्या (मागाच्या धोट्यात बसणारी सुताची रिळं) भरायला बसायचं हे ठरलेलं. ईमेल उघडताना 'कांडी' कुणीतरी आधीच घेतलं होतं. समोर सुताचं खोकं होतं, त्यावर ४० लिहिलेलं, तेच मागे जोडलं. (एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तो सुताचा नंबर. नंबर मोठा तितकं सूत बारीक.)

पाचएक्सचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतात, पाच पट काय? पट वगैरे काही नाही. जड लाइनच्या पुढे निमुळता धागा जोडतात तो लीडर, आणि त्याच्या टोकाला जो बारीक धागा असतो, टिपेट, त्याची त्यानं घेतलेली पहिली रीळ ५एक्सची होती. ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, उरेल तितके इंचाचे हजारावे भाग ही टिपेटची जाडी. म्हणजे ५एक्स सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. तो म्हणाला, इतक्या बारीक धाग्यावर मासा येतो हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी आयडी बदलला.

होमसिग्नल म्हणजे आमचे काका, रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले. स्टेशनात गाडी घ्यायची की बाहेर थांबवायची ते होम सिग्नल सांगतो, तो पडला की आत यायची मोकळीक. त्याच्याही बाहेरचा तो आउटर. "मुलं लहान होती तेव्हा सोलापूरचा होम पडलेला दिसला की अंगातला शीण जायचा," म्हणाले. स्मार्टफोन मुलीनं घेऊन दिला, आयडी काय ठेवू विचारलं, तर यांनी क्षणभरही विचार न करता हाच शब्द सांगितला.

भिरभिरं आमच्यात सगळ्यात लहान, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजोबा दर गड्ड्याला तिला चंदेरी कागदाचं भिरभिरं घ्यायचे. ते गेले त्या वर्षी तिनं स्वतःच एक घेतलं, त्याचा फोटो लावला आणि नावही तेच ठेवलं.

बिडीबंडल शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या अम्मा बिड्या वळायच्या. पंचवीस बिड्यांचं एक बंडल, हजार बिड्यांवर मजुरी. वर्गातली मुलं यांना 'बिडीबंडल' म्हणून चिडवायची. "माझी बी.एड.ची फी त्याच बंडलांतून गेली. मग हे नाव दुसऱ्यांच्या तोंडात कशाला ठेवायचं, मीच घेतलं." हे ऐकून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

२२ जानेवारी

हत्यारं. गळ पकडायला पाचएक्सनं सोल्डरिंगचा क्लिपवाला स्टँड दिला. दोऱ्याला ताण दिला की गळ क्लिपेतून उडतो. एकदा अंगठ्यात घुसला. अडीच तास गेले आणि एकही फ्लाय झाली नाही. हा प्रयोग कुणी करू नका. शेवटी जुन्या बाजारातून हँड व्हाइस आणला, ३५० रुपये, आणि सी क्लॅम्पनं टेबलाच्या कडेला आवळला. जबड्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की गळ हलत नाही.

दोरा धरायचा बॉबिन विकत घ्यायचा नव्हता. बॉलपेनच्या रिफिलची पितळी नळी कापून केला, तर कापलेल्या कडेवर दोरा दर दहा फेऱ्यांनी तुटायचा. कानस मारली, पॉलिश पेपर फिरवला, तरी तुटायचाच. रात्री मागाकडे बघताना डोक्यात आलं : कांडी मशीनवर सूत दिवसभर चिनी मातीच्या मण्यातून पळतं आणि तुटत नाही. तसा एक जुना मणी तारेच्या चिमट्यात बसवला, मागे कांडी अडकवली. तेव्हापासून दोरा तुटलेला नाही. खर्च शून्य. बाजारातल्या महागड्या बॉबिनच्या टोकाला सिरॅमिक का असतं ते यावरून कळलं.

२५ जानेवारी, रविवार

पिसं. चिकनच्या दुकानातून ब्रॉयलरची पिशवीभर पिसं आणली आणि सगळी टाकून दिली. मऊ, आखूड आणि पाण्यात लगेच गोळा होणारी. गळाभोवती गुंडाळल्यावर काटेरी उभं राहणारं पीस हवं तर ते गावरान कोंबड्याच्या मानेवरचं, तेही वर्षभराच्या कोंबड्याचं. बाजाराच्या दिवशी एकाला सांगून ठेवलं, तीन कोंबड्यांच्या मानांचे १२० रुपये दिले. धुण्याच्या पावडरीत धुतली, दोन पाण्यांतून काढली, सावलीत वाळवली, कागदी पाकिटात ठेवली.

मोरपीस बिडीबंडलांनी दिलं, घरच्या जुन्या कुंच्यातलं. याबाबत सरळ सांगतो. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सूट आहे ती पिसाऱ्याच्या पिसांपुरती, आणि आपण गळालेलंच वापरायचं. बाकी कुठल्याही रानपक्ष्याचं पीस माळावर पडलेलं दिसलं तरी उचलू नका. आपल्याकडे नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, तिथल्या माळावर तर मुळीच नाही. कोंबडा, बदक, मोरपीस एवढ्यात सगळं भागतं.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिली फ्लाय माझी, कांडी४०, कारण तीच सगळ्यात सोपी. तळ्याच्या गाळात डासासारख्या चिलटांच्या लाल अळ्या असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या लाल, आणि चिलापी त्या आवडीनं खाते. १४ नंबरच्या गळावर (गळाचा नंबर मोठा तितका गळ लहान) लाल सूत टोकापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे धागा ओवायच्या भोकापर्यंत, गुंडाळायचं, वरून तांब्याच्या तारेचे पाच-सहा विरळ वेढे द्यायचे, झालं. तार मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणली. त्यांनी कचऱ्यातली वीतभर मागितली तर हातभर दिली, पैसे घेतले नाहीत.

बारा बांधल्या. एक वाटीत टाकून बघितली आणि पाच मिनिटांत पाणी गुलाबी झालं. कच्चा रंग. स्वस्तातल्या खोक्यातलं सूत होतं ते. बाराच्या बारा ब्लेडनं उलगडल्या. गळ वाचले, पण दुपार गेली.

३ फेब्रुवारी

शेजारच्या कारखान्यातून चादरीच्या लाल सुताची एक कांडी मागून आणली. सोलापुरी चादर पिढ्यानपिढ्या धुतली जाते आणि तिचा रंग जात नाही, तो पक्का असतो. गरम पाण्यात धुण्याची पावडर टाकून रात्रभर भिजत ठेवली, सकाळी पाणी स्वच्छ होतं. सूत दुपदरी आणि जाड होतं, म्हणून पीळ सोडवून एकच पदर वापरला. आता अळी बारीक दिसते.

सुती धागा भिजला की एक छटा गडद होतो. कोरडा असताना रंग बरोबर वाटला तर पाण्यात तो काळपट दिसणार. म्हणून नेहमी थुंकी लावून रंग बघा.

लाल धाग्याचं हे वेड जुनं आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी क्लॉडियस एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहून ठेवलंय : गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल पाळीखालची दोन मेणाच्या रंगाची पिसं लावतात. लाल धागा आणि कोंबडा, दोन्ही आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत सापडतात. त्या माणसांशी माझं काही नातं आहे असं मला त्या रात्री खरंच वाटलं.

५ फेब्रुवारी

नुकसान. पिसांच्या पाकिटात कसर लागली. दोन मानांची पिसं देठापर्यंत खाल्लेली. धुणं पुरेसं नसतं, अंडी तशीच राहतात. आता नवी पद्धत : धुवून वाळवल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये, मग एक दिवस बाहेर, मग पुन्हा आठवडाभर आत. नंतर डबा बंद आणि आत डांबरगोळी. फ्रीझरमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आईनं ती कोथिंबीर समजून उघडली आणि त्या दिवशी घरात बरंच ऐकून घ्यावं लागलं. तिचं बरोबर होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

हिप्परग्याच्या तलावावर चाचणी. पहाटे साडेपाचला तुळजापूर रोडनं निघालो. काठावरच्या मासेमारांना विचारूनच उतरतो, त्यांची जाळी कुठं आहेत ते त्यांच्याकडूनच कळतं. तुम्हीही विचारा. तलावाचा ठेका कुणाचा आहे, परवानगी कुणाची लागते, ते प्रत्येक पाण्याचं वेगळं असतं.

नऊ फ्लाय नेल्या, चार घेऊन आलो. मासा एकही नाही. चार फ्लाय मागच्या वेड्या बाभळीत गेल्या, एक दगडात. लाइन आधी मागे सरळ जाऊ द्यायची, मग पुढे टाकायची, हा नेहमीचा कास्ट आमच्या काठांवर चालत नाही, कारण मागे दहा फुटांवर बाभळीची भिंत. भिरभिरं शांतपणे रोल कास्ट करत होती : लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच ओढत खांद्याजवळ आणायची आणि मनगटाच्या झटक्यानं वेटोळं पुढे सोडायचं. अंतर कमी मिळतं, पण फ्लाय शिल्लक राहते. पुढचे दोन तास मी तिच्याकडून तेवढंच शिकलो.

दहानंतर वारा सुटला की थांबा. लीडरमध्ये वाऱ्याच्या गाठी पडतात, दिसतही नाहीत, आणि साधी गाठ पडलेला धागा निम्म्या ताकदीला तुटू शकतो. दर दहा-बारा कास्टनंतर लीडर दोन बोटांतून ओढून बघायचा.

पाण्याशी पोचल्यावर आणखी एक अडचण कळली. दोन फ्लायच्या डोक्याजवळचा दोरा उलगडायला लागला होता. नेलपॉलिश लावलं होतं तरी. शेवटची गाठच मला नीट जमत नव्हती.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी बिडीबंडलांच्या घरी गेलो. त्यांची फ्लाय कशी करायची हे विचारायला गेलो होतो आणि शिकून भलतंच आलो.

अम्मा आता बिड्या वळत नाहीत, हाताची बोटं दुखतात. पण सूप, कात्री, पत्र्याचा नमुना, दोऱ्याची गुंडी, सगळं एका डब्यात जपून ठेवलंय. मी व्हाइस त्यांच्या चौकटीला लावला आणि बांधून दाखवायला लागलो. शेवटच्या गाठीशी माझी खटपट त्यांनी दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "गाठ कशाला मारतोस? बिडीला कुणी गाठ मारतं का?"

मग त्यांनी दोरा हातात घेतला. तीन फेरे, टोक त्याच फेऱ्यांखाली सरकवलं, आणि अंगठ्यानं दाबून एक ओढ. संपलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी म्हटलं, अम्मा, पुन्हा. त्यांनी पुन्हा केलं, हळू. "ताण सोडायचा नाही. दोरा ढिला पडला की पान उलगडतं, आणि उलगडलेल्या बिडीचे पैसे कापतात."

फ्लाय बांधणारे ज्याला व्हिप फिनिश म्हणतात ते हेच : दोऱ्याचं टोक दोऱ्याच्याच वेढ्यांखाली अडकवायचं. त्यासाठी मी वाकड्या तारेचं हत्यार मागवायच्या बेतात होतो, साडेचारशे रुपयांचं. अम्मांनी ते बोटांनी शिकवलं. रात्री घरी येऊन चाळीस वेळा केलं. तीन फेऱ्यांऐवजी पाच घेतो, कारण गळ गुळगुळीत असतो, पानासारखा खरखरीत नाही.

निघताना बिडीचा दोरा दिला त्यांनी, अर्धी गुंडी. बारीक, मऊ, सुती. मेणावरून एकदा ओढून घेतला की बसतो छान आणि पाणीही कमी पितो. १२ आणि १० नंबरच्या गळाला हाच वापरतोय. त्याहून लहान गळाला मात्र जाड पडतो.

१७ फेब्रुवारी

बिडीबंडल फ्लाय. आकार बिडीचाच ठेवला : मागे निमुळती, पुढे जाड. अंग पिकल्या तेंदूपानाच्या रंगाच्या सुताचं, वर तांब्याची तार, डोक्याजवळ गावरान कोंबडीचं तपकिरी पीस दीड वेढा, आणि शेवटी लाल दोऱ्याचे चार फेरे, बंडलाला असतात तसे. इंग्लंडमध्ये फ्रँक सॉयर नावाचे नदीचे राखणदार होते, एव्हन नदीवर. त्यांची फेझंट टेल नावाची प्रसिद्ध फ्लाय दोऱ्याशिवाय नुसत्या तांब्याच्या तारेनं बांधलेली असायची, तार तीच वजन आणि तोच दोरा. मी तसं करून पाहिलं, मला तार दर वेळी तुटून जमलं नाही. खाली तार फक्त वजनासाठी, बांधायला बिडीचा दोरा.

पहिल्या तीन फ्लायमध्ये डोळ्यापाशी गर्दी झाली, टिपेट ओवायला जागाच उरली नाही. नवीन बांधणाऱ्या प्रत्येकाची ही चूक होते. पुढच्या टोकाला गळाच्या डोळ्याएवढी जागा मोकळी सोडून तिथं कायमच्या पेननं खूण करा, तिच्यापुढे जायचं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिप्परगा. पावणेसात वाजता कांडी४० वर पहिला मासा. तळहाताएवढी चिलापी.

टाकून लगेच ओढत होतो तोवर काही नाही. काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात फ्लाय तळाला जाऊ दिली, मनात वीसपर्यंत मोजलं, आणि इंच-इंच ओढलं. लाइनचं टोक किंचित थांबलं, झटका वगैरे काही नाही. तेवढ्यावरच उचलायचं असतं. चिलापी फ्लाय तोंडात घेऊन क्षणात थुंकते.

काकांनी पाठीवर हात ठेवला. "होम पडला बघ तुझा."

१ मार्च, रविवार

उजनी, टेंभुर्णीच्या पुढे, बॅकवॉटरच्या काठाला. पेट्रोल आणि नाष्टा मिळून माणशी ३१० रुपये. पाणी उतरायला लागलंय आणि मागे सोडलेला काळा गाळ वरून वाळलेला, आतून ओला. काका गुडघ्यापर्यंत रुतले, दोघांनी ओढून काढलं. हातात काठी असल्याशिवाय आणि एकट्यानं या गाळात उतरू नका. बूट तिथंच राहिला.

आज पाचएक्सची पाळी. त्याची फ्लाय सगळ्यात बारीक हवी होती, नावाला शोभेल अशी. मला १८ नंबरचे गळ हवे होते, सोलापुरात मिळाले नाहीत, म्हणून १६ मागवले, २५ गळांना २८० रुपये. अंगाला काळा रेशमी धागा एकेरी, आणि त्यावर त्यानंच फुटलेल्या मोबाइल स्पीकरच्या कॉइलमधून काढलेली तार. केसाहून बारीक. श्वास लागला तरी हलते. सहा फ्लायना चार संध्याकाळी लागल्या.

तीन मासे लागले आणि तिन्ही तुटले. तिन्ही वेळा गाठीशी. घरी आल्यावर टेबलावर गाठी मारून ओढून पाहिल्या तेव्हा सापडलं. टिपेट गळाला बांधायची क्लिंच गाठ तो कोरडीच आवळत होता. कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो आणि तिथंच कमजोर होतो. गाठ ओठात धरून ओली करायची, सावकाश आवळायची, मग ओढून बघायची. दुकानात दिवसभर याहून नाजूक काम करणारा माणूस, त्याला फार लागलं ते. रात्री साडेअकराला त्यानं पन्नास ओल्या गाठींचा फोटो पाठवला.

८ मार्च, रविवार

भिरभिऱ्याची फ्लाय, दोन आठवड्यांच्या रखडपट्टीनंतर.

ही लहान माशासारखी हवी होती, चमकणारी. धाटणी क्लाउझर मिनो नावाच्या फ्लायची. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी ती बास माशांसाठी केली, आणि तिला त्यांचं नाव दिलं लेफ्टी क्रे यांनी. म्हणजे नाव ठेवणारा दुसराच. गळाच्या वरच्या बाजूला जड डोळे बांधले की फ्लाय पाण्यात उलटी होते, टोक वर, त्यामुळे ती गवतात, दगडात कमी अडकते. आमच्या बाभळीच्या बुंध्यांनी भरलेल्या पाण्याला हेच हवं होतं.

डोळ्यांसाठी गड्ड्यातल्या कीचेनची मण्यांची साखळी कापली. मणी पोकळ निघाले, वजन पुरेना, फ्लाय आडवीच पोहायची. गळाच्या दांड्याला खाली वाइंडिंगच्या तारेचे आठ वेढे टाकले तर प्रकार आणखी बिघडला, कारण वजन चुकीच्या बाजूला गेलं. शेवटी मोठ्या मण्यांची दुसरी साखळी आणली आणि प्रत्येक मण्यात शिशाच्या सोल्डरचा थेंब पाचएक्सनं भरला. मग उलटली. (शिसं पाण्यात हरवणं चांगलं नाही, पुढच्या वेळी पितळी मणी शोधणार.)

चमकीसाठी भिरभिऱ्याचाच चंदेरी कागद बारीक कापला होता. पहिल्याच दिवशी पाण्यात चांदी सुटली आणि पांढरी पट्टी राहिली. वर नेलपॉलिशचा हात दिला तर पट्टी ताठ झाली. शेवटी चिवड्याच्या पाकिटाच्या आतल्या बाजूचा चंदेरी प्लास्टिक कापून लावला. तो टिकला. पण तिनं आग्रहानं एक पट्टी खऱ्या भिरभिऱ्याची ठेवायला लावली, आतल्या बाजूला, केसांखाली. मी ठेवली.

हिप्परग्याच्या गवताळ कोपऱ्यात सव्वासातला मरळ लागली. आधीच सांगितलं होतं की मरळीला दात असतात, ५एक्स चालणार नाही, म्हणून ०एक्स लावलेलं, म्हणजे अकरा हजारांश इंच. तरीही काढल्यावर बघितलं तर टिपेट करवतीनं घासल्यासारखं झालं होतं. हातभर लांब मासा. तिनं पाण्यातच धरून गळ काढला आणि सोडून दिला. गळाचा काटा आधीच पक्कडीनं दाबलेला होता, त्यामुळे क्षणात सुटला. काही वेळ ती गुडघाभर पाण्यात तशीच उभी होती, हातात ती फ्लाय धरून. आम्ही कुणी हाक मारली नाही.

१५ मार्च, रविवार

होमसिग्नल. यासाठी मला दुसरं काही सुचलंच नाही : रॉयल कोचमन नावाची जुनी फ्लाय. कोचमन म्हणजे घोडागाडी हाकणारा. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला गाडीवानाची फ्लाय. मूळची कोचमन इंग्लिश, अंग मोरपिसाच्या तंतूचं. १८७८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन हेली यांना ती मजबूत करून हवी होती, म्हणून त्यांनी मधोमध लाल रेशमाचा पट्टा बांधला. मोराचे तंतू नाजूक असतात, माशाच्या दातानं तुटतात, तो पट्टा त्यांना धरून ठेवायला. म्हणजे शोभा वाटते ती मुळात डागडुजी होती. हिरवा, मध्ये लाल, हिरवा. काकांनी बघितली आणि म्हणाले, "हा तर सिग्नलच आहे."

अडचण तरंगण्याची. ही पाण्यावर राहायला हवी. पांढरे पंख बदकाच्या पिसाचे केले, ते जोडीनं एकसारखे बसेनात, कास्ट केला की फ्लाय हवेत गरगरते आणि लीडरला पीळ बसतो. दोन्ही पंख एकाच पिसाच्या डाव्या-उजव्या बाजूचे घेतले म्हणून असं झालं. डावा पंख डाव्या पिसाचा आणि उजवा उजव्या पिसाचा घेतल्यावर गरगर थांबली. व्हॅसलिनचा अगदी बारीक हात दिला की वीस-पंचवीस कास्ट तरंगते. जास्त लावलं तर पिसं चिकटतात.

हिप्परग्यावर पाच तास. मासे वर येऊन बघून जात होते. एकानंही घेतली नाही.

२२ मार्च, रविवार

उजनी. पाणी आणखी खाली. काठाच्या उथळ तळाला ताटाएवढे गोल खड्डे दिसायला लागलेत, चिलापीच्या नरानं तोंडानं उकरलेले. मादी अंडी तोंडात घेऊन जाते, नर खड्ड्याची राखण करतो आणि आत आलेलं काहीही उचलून बाहेर टाकतो. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ मध्ये आणली, आणि आता उजनीत तिचाच सुळसुळाट आहे.

बिडीबंडलांनी त्यांची फ्लाय एका खड्ड्याच्या पलीकडे टाकली आणि हळूहळू आत ओढली. तिसऱ्या वेळी नरानं उचलली. मग आणखी एक, मग आणखी. साडेनऊपर्यंत सात. पाचएक्सनं ओल्या गाठीवर दोन काढल्या आणि दोन्ही वेळा गाठ कॅमेऱ्यासमोर धरली.

चिलापी आम्ही परत सोडत नाही. चार काठावरच्या मासेमाराच्या टोपलीत गेल्या, बाकी अम्मांकडे. सात माशांनंतरही फ्लायच्या डोक्याचा एक फेरा सुटलेला नव्हता. मी ती अम्मांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून, खिडकीशी नेऊन पाहिली, नखानं दोरा दाबून बघितला.

"पाच फेरे घेतलेस?"

"हो अम्मा, गळ गुळगुळीत असतो."

"बरोबर आहे. चारातही भागलं असतं."

२९ मार्च, रविवार

खर्चाचा हिशेब. व्हाइस ३५०, पिसं १२० आणि कसरीनंतर पुन्हा १२०, गळ सगळे मिळून ७४०, रेशीम आणि नेलपॉलिश १३०, कीचेनच्या दोन साखळ्या ६०. एकूण १,५२०. प्रवास यात धरलेला नाही, रॉड-रीळही आधीचेच. तयार फ्लाय विकत घेतल्या असत्या तर कदाचित यात भागलं असतं, हे खरं आहे. ज्याला फक्त मासे हवेत त्यानं विकत घ्याव्यात. वेळ साधारण सत्तर तास, त्यातले निम्मे उलगडण्यात गेले.

आज काकांसाठी कोचमनचे आणखी चार नग बांधले, या वेळी १४ नंबरवर. १२ चा आकार आमच्या पाण्याला मोठा पडत असावा, हा माझा अंदाज. पंख आखूड केले. लाल पट्टा चादरीच्या सुताचा घेतला, पक्क्या रंगाचा.

५ एप्रिल, रविवार

हिप्परगा, पहाटे सव्वापाच. ऊन तापण्याआधी दोनच तास हातात असतात आता. चिलटं वर येत होती, पाण्यावर वर्तुळं उठत होती. काकांनी लहान कोचमन टाकली. दोनदा मासा खालून आला आणि वळला. तिसऱ्यांदा पाणी फुटलं, काकांनी घाईनं उचललं, फ्लाय मोकळी परत आली.

मी म्हटलं, काका, भिरभिऱ्याची उलटी फ्लाय लावून बघा, आज मासे खाली आहेत. ते नको म्हणाले. व्हॅसलिनची डबी मागून घेतली, फ्लाय फुंकून वाळवली, पिसं बोटानं उभी केली. "आउटरला थांबलोय," म्हणाले, "थांबायची सवय आहे मला." सूर्य वर येईपर्यंत ते तिथंच होते. पुढच्या रविवारी पाचलाच निघायचं ठरलंय, त्यांच्यासाठी दोन नग अजून बांधायचे आहेत.